विश्लेषण : ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ मॅरेथॉनला उशिरा का पोहोचली?

लोटे एमआयडीसीच्या नाक्यावरून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघायचे. परशुराम घाट उतरायचा, चिपळूण मागे टाकायचे, सावर्डेही मागे टाकायचे आणि तरी थांबायचे नाही. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर म्हणजे साधारण एवढे. हे अंतर ताशी १६ किलोमीटरच्या वेगाने धावून ऑलिम्पिक गाठणारी मराठी धावपटू म्हणजे नाशिकची कविता राऊत. १२ फेब्रुवारी २०१६ रोजी गुवाहाटीतील दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत शर्यत जिंकली. त्यानंतर सहा महिन्यांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये तिला त्याच अंतरासाठी २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि ती १२०व्या स्थानी राहिली. ही जवळपास २१ मिनिटे गेली कुठे? उत्तराचा काही भाग रिओच्या उन्हात आहे. बराचसा तिच्या कारकीर्दीच्या आखणीत आहे.

मॅरेथॉनआधीची कविता

नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळचे सावरपाडा हे तिचे गाव. जन्म १९८५चा. सुरुवात अनवाणी धावण्याने झाली, पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे ती घडली आणि ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव तिला चिकटले. मात्र ही एक्स्प्रेस बराच काळ धावली ती ट्रॅकवर. तिची मुख्य शर्यत १०,००० मीटरची, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या २५ फेऱ्या.

२०१० हे तिचे वर्ष. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळाले. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये कांस्य. १०,००० मीटरचे सुवर्ण प्रीजा श्रीधरनने जेमतेम एका सेकंदाने नेले. कविताची वेळ होती ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद, म्हणजे दर किलोमीटरला ३ मिनिटे ११ सेकंद. तेव्हा तिचे वय होते २५. ओएनजीसीतील नोकरी आणि २०१२चा अर्जुन पुरस्कार हे सगळे याच ट्रॅकवरच्या कामगिरीभोवतीचे.

रिगेलचे सूत्र काय सांगते?

इथे एक छोटे गणित उपयोगी पडते. पीटर रिगेल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये धावपटूंसाठी एक सूत्र मांडले. एका अंतराची वेळ माहीत असेल तर दुसऱ्या अंतराची वेळ काढता येते. अंतर दुप्पट झाले की थकव्यामुळे वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८ पट होते, हा त्याचा गाभा. आज मनगटावरची स्पोर्ट्स वॉच वेळेचा जो अंदाज दाखवतात, त्यामागे अशाच प्रकारचे हिशेब असतात.

कविताचे ग्वांगझूचे ३१:५१.४४ या सूत्रात टाकले की मॅरेथॉनची वेळ येते २ तास २६ मिनिटे ३३ सेकंद. पॅरिस ऑलिम्पिकचा महिलांचा थेट पात्रता निकष होता २:२६:५०. म्हणजे कागदावर २५ वर्षांची कविता १४ वर्षांनंतरच्या पॅरिसलाही पात्र ठरत होती!

अर्थात, कागदावरच. हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरते : धावपटूने त्या लांब अंतराचा पूर्ण सराव केलेला आहे. १०,००० मीटरच्या धावपटूने तो केलेला नसतो. शरीरात साठलेले कर्बोदकांचे इंधन वेगाने धावताना साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्यापुढचे १२ किलोमीटर चरबी जाळत, पाय जड झालेले असताना वेग टिकवायचा, ही वेगळी विद्या आहे. ती आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर धावून, काही वर्षांत येते.

मग तिने आधीच मॅरेथॉन का निवडली नाही?

कारण तिचा निर्णय व्यवहारी होता. आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये पदक दिसत होते, आणि ते मिळालेही. आपल्याकडे नोकरी, बक्षीस, पुरस्कार हे सगळे पदकाला जोडलेले. जागतिक मॅरेथॉनमधल्या पंधराव्या स्थानाला कोण विचारतो? शिवाय पूर्ण मॅरेथॉन वर्षातून दोन, फार तर तीनदा धावता येते. एक शर्यत बिघडली की निम्मे वर्ष गेले. ट्रॅकवर आणि १० किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉनच्या रस्ता शर्यतींत संधी कितीतरी अधिक.

साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबरचा प्रवास तर याच्या नेमका उलट झाला. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे ती मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. त्यानंतर ती ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि त्याच वर्षी इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकले. जानेवारी २०१५ मध्ये तिने मुंबईत २:३८:२१ अशी वेळ देऊन रिओच्या मॅरेथॉनचा निकषही पार केला होता. तरी रिओत तिने स्टीपलचेसच निवडली, अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. सुधा सिंगही मॅरेथॉनला पात्र होती. तिनेही स्टीपलचेसच पसंत केली. म्हणजे पात्र ठरलेल्या चार भारतीय महिलांपैकी दोघींनी ऑलिम्पिक मॅरेथॉन स्वतःहून सोडली. उरल्या ओ. पी. जैशा आणि कविता.

रिओत काय झाले?

१४ ऑगस्ट २०१६. शर्यत स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेनऊला सुरू झाली. सराव म्हणून पहाटे धावणाऱ्या कोणालाही विचारा, साडेनऊ ही धावणे संपवून घरी यायची वेळ. कोकणात राहणाऱ्यांना दमट हवेचे वेगळे सांगायला नको. घाम येतो पण सुकत नाही. घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही, मग रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे वळतो आणि पायांच्या स्नायूंना कमी पडतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि पहाटे घेतात ती याचसाठी.

जैशा २:४७:१९ वेळेत ८९वी आली आणि अंतिम रेषेपलीकडे कोसळली. मार्गावर भारतीय संघाच्या टेबलावर पाणी नव्हते, अशी तक्रार तिने नंतर केली. आम्ही पेये देऊ केली होती, धावपटूंनीच नको म्हटले, असे अॅथलेटिक्स महासंघाचे उत्तर होते. देशभर चर्चा झाली ती याच वादाची. ती व्हायलाच हवी होती. नियमानुसार साधारण दर पाच किलोमीटरला पेयांची सोय असते आणि अव्वल धावपटू आपापल्या प्रमाणातल्या मिश्रणाच्या बाटल्या तिथे आधीच ठेवतात. ते नसणे किंवा नाकारणे, दोन्ही तयारीतले भोकच.

पण या गदारोळात कविताची शर्यत कोणी पाहिलीच नाही. गुवाहाटीत दर किलोमीटरला तिला ३ मिनिटे ४६ सेकंद लागले होते, रिओत ४ मिनिटे १५ सेकंद. तेव्हा ती ३१ वर्षांची होती. गुवाहाटी आणि रिओ यांत जेमतेम २६ आठवडे. त्यात आधीच्या शर्यतीतून सावरायचे, पुन्हा पाया बांधायचा आणि उन्हाची सवयही करायची.

पुढे काय?

जैशाने २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत नोंदवलेला २:३४:४३ हा राष्ट्रीय विक्रम टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळीही तसाच होता. निकष मात्र पळत राहिला. रिओसाठी २:४५:००, टोकियोसाठी २:२९:३०, पॅरिससाठी २:२६:५०. आठ वर्षांत १८ मिनिटांहून अधिक. क्रमवारीतून प्रवेशाचा दुसरा मार्ग असतो, पण या दोन्ही ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये एकही भारतीय महिला नव्हती.

ऑलिम्पिक मॅरेथॉनला २० वर्षांखालील धावपटूंना प्रवेश नाही आणि तो नियम योग्यच आहे. शाळेत मुलींनी १,५०० आणि ३,००० मीटरच धावावे. प्रश्न त्यानंतरच्या वर्षांचा. १०,००० मीटरला ३२ मिनिटांच्या आत येणारी मुलगी २३-२४ व्या वर्षी रस्त्यावर आणायची, तर पदकाविना जाणाऱ्या चार-पाच वर्षांत तिचा पगार, आहार आणि उंचावरील शिबिरे कोण सांभाळणार? नाशिकमध्ये कवितामागून मोनिका आथरे आली. २०१७च्या लंडन जागतिक स्पर्धेत तिने मॅरेथॉन धावलीही. तिच्यापुढेही हाच हिशेब होता.

२०२४च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आलेल्या निर्माबेन ठाकोरची वेळ होती २:४७:११. पॅरिसचा निकष त्याहून २० मिनिटे २१ सेकंदांनी वेगवान होता.