टीएसएच नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही?

शेंदूरजनाघाटच्या संत्रापट्ट्यात ओलित करताना, गवत कापताना घोणशीची भीती असतेच. तिच्या दंशातून वाचलेल्या काहींची पिट्युटरी ग्रंथी निकामी होते. ब्रह्मदेशातील अशा रुग्णांची नोंद 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. थकवा, थंडी न सोसणे, दाढी विरळ होणे ही लक्षणे काही वर्षांनीही दिसू शकतात.

रिपोर्ट असा वाचा

• एफटी४ (थायरॉइडचे संप्रेरक) कमी, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) मात्र कमी किंवा नॉर्मल: संशय पिट्युटरीवर. थायरॉइडच बिघडली असती तर टीएसएच सहसा वाढला असता.

• टेस्टोस्टेरॉन कमी, तरी एलएच, एफएसएच (वृषणांना चालना देणारी पिट्युटरीची संप्रेरके) वाढलेले नाहीत: रोख पुन्हा पिट्युटरीकडेच. प्रोलॅक्टिन तपासा, गरजेनुसार एमआरआय.

• रक्त कधी द्यावे: टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी 8 ते 10, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी.

• बायोटिन: केसांसाठीच्या या गोळ्यांनी आकडे चुकू शकतात. घेत असाल तर आधी सांगा.

• सर्वांत महत्त्वाचे: थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी सकाळचे कॉर्टिसॉल पाहा. ते कमी असताना आधी स्टेरॉइड न देता गोळी दिली तर जिवावर बेतू शकते.

साप चावल्याला कितीही वर्षे झाली असोत, डॉक्टरांना आवर्जून सांगा.