विश्लेषण : गुडघ्यातील ‘वंगण’ खरेच संपते का?

‘गुडघ्यातले वंगण संपले आहे, इंजेक्शन घेऊन भरून घ्या’ हा सल्ला आता घरोघरी ऐकू येतो. त्याच्या जोडीला ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि हायल्युरॉनिक ॲसिडचे सीरमही आले आहेत. या सगळ्या बाजारपेठेच्या मुळाशी शरीरातील एक पारदर्शक जेल आहे. वैद्यकशास्त्रात त्याला ‘ग्राऊंड सबस्टन्स’ म्हणतात, मराठीत आधारद्रव्य म्हणता येईल. ते कशाचे बनते, काय काम करते आणि बाहेरून भरता येते का, याविषयी...

आधारद्रव्य म्हणजे काय?

त्वचेचा आतला थर, स्नायूबंध, कास्थी (कुर्चा) या संयोजी ऊती आहेत. त्यांत पेशी विरळ असतात. उरलेल्या जागेत कोलॅजन, इलॅस्टिन यांसारखे तंतू असतात आणि या तंतूंमधली मोकळी जागा आधारद्रव्याने भरलेली असते. बांधकामाची उपमा द्यायची तर तंतू म्हणजे लोखंडी सळ्या आणि आधारद्रव्य म्हणजे त्यांच्याभोवतीचा माल. फरक इतकाच की हा माल कधी सुकत नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या नेहमीच्या स्लाइडवर ही जागा बहुतेकदा कोरी दिसते. कारण स्लाइड तयार करताना आधारद्रव्याचा बराचसा भाग धुऊन जातो.

ते कशाचे बनलेले असते?

सर्वांत मोठा वाटा पाण्याचा. पण हे पाणी वाहून जात नाही. ते धरून ठेवतात ग्लायकोसअमिनोग्लायकॅन, अर्थात ‘गॅग’ नावाच्या साखरेच्या लांबलचक साखळ्या. त्यांपैकी सर्वांत लांब साखळी हायल्युरॉनिक ॲसिडची. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये बैलाच्या डोळ्यातील जेलमधून ते वेगळे केले. कॉन्ड्रॉइटिन सल्फेटसारख्या इतर साखळ्या एका प्रथिनाच्या दांड्याला बाटली धुण्याच्या ब्रशच्या केसांप्रमाणे चिकटलेल्या असतात. या रचनेला प्रोटिओग्लायकॅन म्हणतात. कास्थीत ॲग्रेकॅन नावाचे असे अनेक ‘ब्रश’ हायल्युरॉनिक ॲसिडच्या एकाच साखळीवर ओळीने बसतात. याशिवाय फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने पेशींना तंतूंशी जोडून ठेवतात.

गुडघा वजन कसे पेलतो?

गॅग साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. तो सोडियमचे धन आयन खेचतो आणि त्यांच्यामागून पाणी आत येते. त्यामुळे कास्थी फुगू पाहते, पण कोलॅजनची जाळी तिला मर्यादेपलीकडे फुगू देत नाही. या ओढाताणीतून तयार होणारा दाब म्हणजे हवा भरलेल्या टायरसारखी अवस्था. सांध्यातील कास्थीत ६५ ते ८० टक्के पाणी असते. आपण पाऊल टाकतो तेव्हा हे पाणी हळूहळू दबून बाहेर जाऊ लागते, पाय उचलला की परत येते. कास्थीत रक्तवाहिन्या नसल्याने तिच्या पेशींपर्यंत अन्न आणि ऑक्सिजनही याच जेलमधून झिरपत पोहोचतात. म्हणूनच सांध्याची हालचाल कास्थीसाठी आवश्यक असते.

विषाशी आणि जंतूंशी संबंध काय?

हे जेल शरीरातली नाकाबंदीही आहे. जंतूंना त्यातून सहज पुढे सरकता येत नाही. मात्र काही स्ट्रेप्टोकोकस जंतूंकडे हायल्युरॉनिडेज हे विकर असते, जे हायल्युरॉनिक ॲसिडच्या साखळ्या तोडते. घोणस आणि नाग यांच्या विषातही ते असते आणि दंशाच्या जागेपासून विष पसरायला त्याची मदत होते. हेच विकर डॉक्टरांच्याही कामी येते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल लवकर पसरावी म्हणून किंवा चेहऱ्यात भरलेले हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर विरघळवण्यासाठी ते टोचतात.

मग ‘वंगण’ संपते का?

सांध्यातील द्रवात हायल्युरॉनिक ॲसिड असते आणि ते घर्षण कमी करते, हे खरे. संधिवाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिस या प्रकारात त्याचे प्रमाण घटते, साखळ्याही तुटून आखूड होतात. पण द्रव ‘संपत’ नाही. सुजलेल्या गुडघ्यात तर तो नेहमीपेक्षा जास्त साठलेला असतो. खरे नुकसान कास्थीत होते. ॲग्रेकॅन तुटून निघून जाते, कोलॅजनची जाळी सैल पडते आणि पाणी दाबाखाली धरून ठेवण्याची क्षमता कमी होते. वरून तेल सोडल्याने फाटलेला टायर दुरुस्त होत नाही, तसेच हे आहे.

इंजेक्शन आणि गोळ्यांचा उपयोग किती?

‘बीएमजे’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १६९ चाचण्या आणि २१ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती होती. हायल्युरॉनिक ॲसिडच्या इंजेक्शनने वेदना कमी झाल्या, पण औषध नसलेल्या इंजेक्शनच्या तुलनेत हा फरक १०० पैकी जेमतेम दोन गुणांचा होता. गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण मात्र अधिक आढळले. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने २०२१ मध्ये या इंजेक्शनचा सरसकट वापर करू नये असे म्हटले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०२२ मध्ये इंजेक्शन आणि ग्लुकोसामाइन दोन्ही देऊ नयेत अशी शिफारस केली. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची १,५८३ रुग्णांवरील अमेरिकी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकूण रुग्णांचा विचार करता या गोळ्या साध्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तीव्र वेदना असलेल्या छोट्या गटात दोन्हींच्या एकत्रित वापराचा काहीसा लाभ दिसला. काही रुग्णांना इंजेक्शननंतर बरे वाटते, हे नाकारता येत नाही. पण झिजलेली कास्थी त्याने परत येते, असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग करायचे काय?

मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि गरज असल्यास वजन कमी करणे, हे उपचारांतले पहिले पाऊल मानले जाते. वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे २००५ मधील एका अभ्यासात दिसले. दुखते म्हणून चालणे पूर्ण बंद केले तर कास्थीचे पोषणही मंदावते. गुडघा अचानक सुजला, लाल झाला किंवा सोबत ताप आला तर मात्र व्यायाम नको, डॉक्टरांना दाखवावे. आणि ‘वंगण भरून घ्या’ असा सल्ला मिळालाच, तर पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : माझी कास्थी किती झिजली आहे, या इंजेक्शनने नेमका किती आणि किती काळ फरक पडेल आणि त्याआधी व्यायामाचा पर्याय पुरेसा वापरून झाला आहे का?