जुनी गाडी (भाग ५) : आधी पत्रा, मग इंजिन

गेल्या भागात गॅरेजचं एस्टिमेट कसं वाचायचं ते पाहिलं. आता त्यापुढचा अवघड प्रश्न. एस्टिमेट बरोबर आहे, मिस्त्री प्रामाणिक आहे, तरी हा खर्च करावा की गाडी मोडीत काढावी?

दोन गाड्यांची गोष्ट सांगतो. दोन्ही २००९ सालच्या, दोन्ही पेट्रोलवरच्या. एक माझी, पुण्यातली, १ लाख ६२ हजार किलोमीटर चाललेली. कात्रजच्या चढावर तापली, हेड गॅस्केट गेलं आणि ३८ हजारांचं एस्टिमेट आलं. दुसरी रत्नागिरीच्या काकांची. जेमतेम ५५ हजार चाललेली, पहिल्याच सेल्फला सुरू होणारी. माझी टाका, काकांची ठेवा, असंच कोणीही म्हणालं असतं. झालं उलटं. पंक्चर काढायला काकांच्या गाडीला जॅक लावला, तर गाडी उचलली गेली नाही. जॅकच दाराखालच्या पत्र्यात घुसला.

आपल्या रोजच्या वापरातल्या बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, दाराखालचा आडवा पट्टा, शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं ती वाटी, असे पत्रे एकमेकांना वेल्ड करूनच गाडीचा सांगाडा तयार होतो. सीटबेल्टचे बोल्टही त्यालाच आवळलेले असतात. हा पत्रा सडला की धडकेचा मार झेलायला काही उरत नाही. कोकणात खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. शिवाय काकांची गाडी बहुतेक वेळ आंब्याखाली उभीच. दारांच्या तळाशी पाणी निथळायला ठेवलेली भोकं पालापाचोळ्यानं बुजतात, मॅटखालचा फोम वाळत नाही, आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगा दिसतो तेव्हा आतला पत्रा बराचसा गेलेला असतो.

म्हणून माझं सांगणं असं, की बॉनेट उघडण्याआधी मॅट उचला. कुबट वास येतो का पाहा. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. चांगला पत्रा खणकतो, सडलेला बद्द वाजतो. लोहचुंबक फिरवा, जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. जुन्या गाडीला खालून ताजा काळा कोट मारलेला दिसला तर जास्तच बारकाईनं बघा. फेंडर किंवा दाराची कड गंजली असेल तर घाबरायचं कारण नाही, डेंटर तेवढा भाग बदलून देतो. सांगाड्याचं तसं नाही. ठिगळ वेल्ड करायला कडेला धड पत्रा लागतो; तोच पापडासारखा झाला असेल तर टाका धरत नाही. इथे माझं मत पक्कं आहे. अशा गाडीत घरच्या माणसांना बसवू नये, इंजिन कितीही गोड चालत असो.

माझ्या गाडीचा पत्रा खणखणीत निघाला. मिस्त्रीनं हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवून पाहिली. थोडं वाकलं होतं, फेसिंग करून आणल्यावर सरळ झालं. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे नव्हते. मग उरला पैशाचा हिशेब.

“गाडीची किंमतच ८० हजार, त्यात ३८ हजार कशाला घालतोस?” असं मला दोघातिघांनी विचारलं. मला हा हिशेब पटत नाही. गाडी विकायचीच नसेल तर बाजारभाव काय कामाचा? तुलना करायची ती गाडी टाकल्यावर जो खर्च येईल त्याच्याशी. दुरुस्तीचे ३८ आणि टायरचे १६ मिळून ५४ हजार. गाडी तीन वर्षं चालली तर महिन्याला १,५०० रुपये. ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण साडेबारा हजार. मध्येच आणखी २०-३० हजारांचं काम निघालं तरी फरक मोठाच राहतो. मात्र “गेल्या वर्षीच क्लच घातला, आता कशी टाकू?” हे हिशेबात धरू नका. ते पैसे गाडी ठेवली तरी गेले, टाकली तरी गेले.

पार्ट मिळतात का, हेही विचारून घ्या. कंपनीनं विक्री बंद केली म्हणून गाडी लगेच निकामी होत नाही. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुती स्विफ्टमध्येही होतं आणि टाटा विस्टामध्येही, त्यामुळे त्याच्या भागांसाठी अडत नाही. अडतं ते त्या एकाच मॉडेलच्या काचा, हेडलाइट, सेन्सर यांच्यापाशी.

आणि वयाची भीती नको. दिल्ली परिसरातला डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचा निर्बंध महाराष्ट्राला लागू नाही. आपल्याकडे १५ वर्षांनंतर आरटीओत पासिंग करून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचं हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आहे, त्याशिवाय पर्यावरण कर. हा खर्चही वरच्या बेरजेत धरा.

काकांनी गाडी सोडली. गावातला भंगारवाला जागेवर रोख द्यायला तयार होता, पण आरसी रद्द करण्याची जबाबदारी घेईना. तिथे मी त्यांना थांबवलं. गाडी तुकडे होऊन गेली तरी कागदावर ती तुमचीच राहते, आणि चेसिस नंबर दुसऱ्या गाडीवर चढला तर पोलीस तुमच्या दारात येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष किती मिळेल ते आरटीओत विचारा. काकांनी फास्टॅग बंद केला, विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेतलं. ते तीन वर्षं चालतं. दुसरी गाडी घ्यायची की नाही, ते काकूंनी अजून ठरवलेलं नाही.