भाकर आणि जनुक

१९७२ च्या दुष्काळात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडीत होती आणि मी तिच्या पोटात होतो. मिलो ज्वारीची भाकर, कधी सुकडी, एवढाच तिचा आहार. त्या उपासाचा हिशेब माझ्या अंगात कोठे लिहिला गेला असेल काय?

खामगावच्या जिनात यंत्रे पुष्कळ असतात. पण एका वेळी सगळीच चालत नाहीत. पेशीतही तसेच. यकृतात आणि स्नायूत जनुके तीच. चालू मात्र निरनिराळी. जनुकांवर व ती ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. जनुक चालू की बंद, हे ठरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. काही खुणांचा कच्चा माल अन्नातून येतो. फॉलेट व बी-१२ ही जीवनसत्त्वे त्यासाठी लागतात.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, सिडनीचे आनंदवर्धन हर्डीकर व सहकारी यांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या ५० पिढ्या अर्धपोटी वाढविल्या होत्या. पिले हलकी जन्मली, रक्तात इन्सुलिन वाढले, बी-१२ घटले. इन्सुलिनच्या जनुकाजवळच्या खुणाही बदलल्या. मग दोन पिढ्या पोटभर खाऊ घातले, तरी दोष गेला नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरीही मागणीपत्र लिहिताना गर्भार मजूरणीच्या दूध-डाळीचे कलम मी आता पहिले घालतो. मालक विचारतात, हे कशाला? मी सांगतो, तिच्या ताटावर दोन पिढ्या बसलेल्या असतात.