धावपट्टीची वर्गणी

फ्रेडरिक, मेरिलँड (अमेरिका)

२०११च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या पंच्याऐंशी हजार भरली. हे पत्र ज्या गावाविषयी आहे ते फ्रेडरिकही साधारण तेवढेच, २०२०च्या शिरगणतीत अठ्ठ्याहत्तर हजारांचे. हिंगोलीकराला विमान पकडायचे तर नांदेड गाठावे लागते, आणि नांदेडची सेवाही अधूनमधून खंडित होते. फ्रेडरिकला गावाच्या मालकीचा विमानतळ आहे. त्याला दोन धावपट्ट्या आहेत, नियंत्रण मनोरा आहे, पण तिथून एकाही विमान कंपनीची नियमित प्रवासी सेवा नाही. तिथे चढतात-उतरतात ती मुख्यतः दोन-चार आसनांची खासगी विमाने. या विमानतळाला लागूनच त्यांच्या चालकांच्या संघटनेचे मुख्यालय आहे. एअरक्राफ्ट ओनर्स अँड पायलट्स असोसिएशन, म्हणजे एओपीए, १९३९ साली स्थापन झाली आणि तिचे सभासद तीन लाखांच्या आसपास आहेत. विमान चालवायला शिकण्यासाठी भारतातून दरवर्षी मुले अमेरिकेत येतात, त्यांत आता मराठवाड्यातल्या तालुक्यांतलीही असतात. त्यांच्यापुढे आणि खर्च भागवणाऱ्या त्यांच्या घरच्यांपुढे एक लहानसा प्रश्न येतो: या संघटनेची वर्गणी भरावी का? प्रश्न लहान असला तरी त्याचे उत्तर शोधताना या देशाची एक रीत उलगडते.

आधी इथली परिस्थिती सांगायला हवी. अमेरिकेत सर्वांना खुले असलेले सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. विमान कंपन्यांची नियमित सेवा त्यांतल्या जेमतेम पाचशेंवर आहे. उरलेले साडेचार हजार शेतावर फवारणी करणाऱ्यांचे, रुग्ण हलवणाऱ्यांचे, शिकणाऱ्यांचे आणि स्वतःच्या विमानाने शेजारच्या राज्यात जाऊन येणाऱ्यांचे आहेत. छोट्या विमानाच्या चालकाला हवाई वाहतूक नियंत्रकाशी बोलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तो आपला वाटा पेट्रोलवरच्या केंद्रीय करातून देतो, गॅलनमागे १९.४ सेंट. बाहेरून आलेल्याला ही व्यवस्था डोंगर-नद्यांसारखी आपोआप असलेली वाटते. पण यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी मागितलेली, कुणीतरी विरोध केलेली आणि दर काही वर्षांनी संसदेत पुन्हा पणाला लागणारी आहे.

वर्गणीचा हिशेब बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून मांडतात. साधे सभासदत्व वर्षाला शंभर डॉलरच्या आत पडते. त्याच्या बदल्यात मासिक येते, शंका विचारायला दूरध्वनीवर अनुभवी माणसे मिळतात, काही खरेदीवर सवलत मिळते. परवान्यावर कारवाई झाली तर वकील मिळण्याची सोय आहे, पण तिचे पैसे वेगळे. एवढ्यावरच तराजू धरला तर शिकाऊ मुलाने वर्गणी भरू नये असेच उत्तर येईल. तासाला शेकड्यांनी डॉलर मोजून विमान भाड्याने घेणाऱ्याला सवलत आणि मासिक कशाला हवे? शिवाय संघटनेचे सर्वांत मोलाचे काम, अपघातांचा अभ्यास करून तयार केलेले सुरक्षिततेचे धडे, सभासद नसलेल्यालाही फुकट मिळतात. १९५०मध्ये सुरू झालेली तिची सुरक्षा शाखा हे धडे सगळ्यांसाठी खुले ठेवते, आणि ते योग्यच आहे. कारण एकाच्या चुकीने दुसऱ्याचा जीव जातो तिथे ज्ञानावर सभासदत्वाचे कुंपण घालता येत नाही.

मग वर्गणी कशाची? वैद्यकीय तपासणीचे प्रकरण पाहिले की ते कळते. चाळिशी ओलांडलेल्या खासगी वैमानिकाला पूर्वी दर दोन वर्षांनी सरकारमान्य विमानवैद्यकाकडून प्रमाणपत्र घ्यावे लागे. स्वतःच्या गाडीसारखे चार आसनी विमान चालवणाऱ्याला एवढी कडक अट कशाला, असा अर्ज एओपीएने आणि घरी विमाने बांधणाऱ्यांच्या ईएए या संघटनेने मिळून २०१२मध्ये सरकारी विमान वाहतूक खात्याकडे केला. वर्षे गेली, उत्तर येईना. तेव्हा दोन्ही संघटना थेट संसदेकडे वळल्या. जुलै २०१६मध्ये कायदा झाला आणि १ मे २०१७पासून नवी पद्धत लागू झाली: चार वर्षांतून एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून तपासणी आणि दोन वर्षांतून एकदा आरोग्याचा संगणकावरचा अभ्यासक्रम. अर्जापासून अंमलापर्यंत पाच वर्षे लागली. एकट्या-दुकट्या वैमानिकाने ही पाच वर्षे कशी काढली असती? एवढा काळ एका फायलीच्या मागे राहायला पगारी माणसे लागतात, कायदे जाणणारे वकील लागतात, आणि दर निवडणुकीनंतर नव्या खासदाराला तीच गोष्ट पहिल्यापासून समजावण्याची चिकाटी लागते. वर्गणी जाते ती या चिकाटीसाठी.

लगेच दुसरा प्रसंग आला. हवाई नियंत्रण सरकारकडून काढून एका स्वतंत्र महामंडळाकडे द्यावे, असे विधेयक २०१७मध्ये आले. बहुतेक बड्या विमान कंपन्या त्याच्या बाजूने होत्या. त्या महामंडळात वजन त्यांचे राहील आणि आज ना उद्या छोट्या विमानांवर सेवाशुल्क बसेल, ही खासगी वैमानिकांची भीती होती. विधेयक समितीतून पार पडले, पण सभागृहात मताला आलेच नाही, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये ते मांडणाऱ्यांनी स्वतःच नाद सोडला. ज्या दिवशी काहीच बदलले नाही, त्या दिवसाची बातमी होत नाही. संघटनेचे निम्मे यश अशा न झालेल्या गोष्टींत असते, म्हणून सभासदाला ते दिसतही नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हा लाभ सभासद नसलेल्यालाही मिळतोच, मग पैसे का भरायचे? आपल्याकडे हा आक्षेप नवा नाही. सोयाबीनचा हमीभाव वाढला तर तो मोर्चाला गेलेल्यालाही मिळतो आणि घरी बसलेल्यालाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८०मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन केले, तेव्हा भाव काही फक्त बिल्लेवाल्यांच्या कांद्याला वाढवून मागितला नव्हता. १९८४मध्ये परभणीला, म्हणजे हिंगोली तेव्हा ज्या जिल्ह्यात होती तिथेच, संघटनेचे अधिवेशन भरले. त्याला गेलेल्यांनी बदल्यात सवलतीचे खत मागितले नव्हते. घरी बसणाऱ्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की मागणी करणारेच उरत नाहीत. अमेरिकेत परवानाधारक वैमानिक, शिकाऊ धरून, आठ लाखांच्या घरात आहेत. त्यांतले अर्धेही या संघटनेत नाहीत. तरीही ती उभी आहे, कारण जे आहेत ते वर्षानुवर्षे टिकून आहेत.

दुसरा आक्षेप अपयशाचा. शिकागो शहरात सरोवराच्या काठी मेग्स फील्ड नावाचा लहान विमानतळ होता. ३० मार्च २००३च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांनी यंत्रे पाठवून धावपट्टीवर मोठाल्या फुल्या खोदवल्या. सकाळी उभी असलेली विमाने तिथेच अडकली. संघटनेने आरडाओरडा केला, कायद्याचे सगळे मार्ग पाहिले, पण विमानतळ गेला तो गेलाच. आज तिथे उद्यान आहे. शहराला दंड झाला ३३ हजार डॉलर, एवढ्या मोठ्या महापालिकेला किरकोळ रक्कम. पण या पराभवानंतर असा विमानतळ सूचना न देता बंद करण्याचा दंड दिवसाला ११०० डॉलरवरून १०,००० डॉलरवर नेणारी तरतूद कायद्यात आली. लढाई हरल्यावर पुढच्या लढाईसाठी नियम बदलून घेणे हे संस्थेलाच जमते. चिडलेला माणूस तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

खरा जड आक्षेप तिसरा आहे, आणि त्याला हातचे राखून उत्तर देणे मला बरोबर वाटत नाही. ही संघटना नेमकी कुणाचे हित पाहते? छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये अजून शिसे असते, गॅलनमागे जास्तीत जास्त दोन ग्रॅमच्या आसपास. मोटारींच्या पेट्रोलमधून ते कधीच हद्दपार झाले. कॅलिफोर्नियात सॅन होझे शहरातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाभोवती दाट वस्ती आहे, बरीचशी कष्टकऱ्यांची. तिथल्या मुलांच्या रक्तात, विमानतळापासून जितके जवळ तितके शिसे जास्त, असे २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. काउंटीने १ जानेवारी २०२२पासून त्या पेट्रोलची विक्री बंद केली. एओपीएची भूमिका अशी की शिसे जायलाच हवे, पण सर्व इंजिनांना चालणारे पर्यायी इंधन येईपर्यंत विक्री बंद करू नये, नाहीतर चुकीचे पेट्रोल भरून इंजिन आकाशात बंद पडेल. २०२४च्या कायद्यात तसेच झाले: शिशाचे पेट्रोल विकणाऱ्या विमानतळांनी पर्याय येईपर्यंत किंवा २०३०च्या अखेरीपर्यंत ते विकत राहावे. इंजिन बंद पडण्याची भीती खोटी नाही. पण वैमानिकाने उडायचे की नाही हे ठरवता येते, आणि धावपट्टीशेजारच्या मुलाला श्वास घ्यायचा की नाही हे ठरवता येत नाही. संघटनेने शिसेमुक्तीची घाई तिच्या विरोधकांपेक्षा जास्त दाखवायला हवी होती, असे माझे मत आहे. तरीही म्हणून सभासद होऊ नये, हे मला पटत नाही. संघटनेला हे सांगण्याचा हक्क बाहेरच्यापेक्षा सभासदाला जास्त आहे, आणि तिथे तरुण, भाड्याच्या विमानावर शिकलेले, विमानतळाच्या कुंपणाबाहेर वाढलेले सभासद वाढले तर तिची भाषा बदलेल. आजचे बरेच सभासद वयाने आणि पैशाने पुढे गेलेले आहेत, म्हणून आवाजही त्यांचाच आहे.

हिंगोलीच्या मुलाला यातले किती लागू पडते? डॉक्टरची सवलत त्याच्या फारशी कामाची नाही. वय विशीचे, आणि पहिले प्रमाणपत्र सरकारी पद्धतीनेच घ्यावे लागते. दोन वर्षांत परवाने घेऊन तो भारतात परतणार, तिथे त्याला डीजीसीए या विमान वाहतूक नियामक खात्याच्या परीक्षा आणि परवान्याचे रूपांतर यांतून जायचे. म्हणजे अमेरिकेतल्या हक्कांची राखण त्याच्या वर्गणीने होईल आणि तो इथे नसेल. हे खरे आहे. पण भारतात परतल्यावर तो जे आकाश पाहणार आहे, तिथे मागणी करणारी माणसेच थोडी आहेत, आणि म्हणूनच ही रीत इथे पाहून जाणे त्याला गरजेचे आहे.

भारतात खासगी उड्डाणाची सुरुवात उशिरा झाली असे नाही. एरो क्लब ऑफ इंडिया १९२७चा, बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८चा, आणि जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ला देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. एओपीएपेक्षा आपले क्लब अकरा-बारा वर्षांनी मोठे. पण क्लब शिकवण्यापुरते राहिले, हक्क मागण्याचे काम त्यांनी फारसे अंगावर घेतले नाही. त्याची किंमत कॅप्टन अमोल यादव यांच्या प्रकरणात दिसली. कांदिवलीच्या चारकोपात इमारतीच्या गच्चीवर त्यांनी स्वतः विमान बांधले. २०१६च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. तरी नोंदणी मिळायला २०१७ संपत आले, आणि तीही प्रकरण मुख्यमंत्र्यांच्या व पंतप्रधानांच्या पातळीपर्यंत गेल्यावर. अमेरिकेत हौशी माणसांनी बांधलेली हजारो विमाने रीतसर नोंदलेली आहेत. त्यासाठीचा वर्ग, तपासणी, चाचणी-उड्डाणांचे तास हे सगळे ईएएसारख्या संस्थांनी १९५३पासून खात्याशी बोलत बोलत पक्के करून घेतले. इथे घरी विमान बांधणारा खिडकीवर जातो, अर्ज भरतो. आपल्या माणसाला मंत्रालय गाठावे लागले.

मराठवाड्यातले विमानतळही पाहा. नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ २००९मध्ये एका खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिले गेले. यवतमाळ विदर्भातले आणि बारामती पश्चिम महाराष्ट्रातली, पण गत सगळ्यांची एकच. तिथे छोट्या विमानांना जागा किती, पेट्रोल मिळणार का, शिकवण्याची सोय होणार का, हे विचारायला लहान विमानवाल्यांची मोठी संघटना समोर नव्हती. १९६२मध्ये स्थापन झालेल्या अशा संघटनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताची एओपीए आहे, पण तिच्यामागे उभे राहणारे लोक मोजकेच.

म्हणून माझे उत्तर असे: इथे शिकायला आलेल्या मुलाने एक वर्ष तरी सभासद व्हावे, आणि सवलतीच्या पानांपेक्षा वार्षिक सभेची सूचना नीट वाचावी. सभेला न जाणारे सभासद आपले मत सहसा प्रतिनिधीपत्रावर सही करून विश्वस्तांकडे सोपवतात. गावच्या सोसायटीची आमसभा पाहिलेल्या माणसाला त्या सहीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याने ते पत्र कोरे ठेवावे, आपले मत आपण द्यावे, आणि शिसेमुक्त पेट्रोलची तारीख काय, हा प्रश्न लेखी पाठवावा. परत गेल्यावर भारतातल्या संघटनेचा अर्ज भरावा, आणि पहिल्या पत्रात नांदेडच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानासाठी दिवसातले किती तास मिळतील, हे विचारावे.