धारेला चिकटून वाढणारे भेक

भेक म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पावसाळ्याच्या तोंडावर अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसलेला, खरखरीत कातडीचा, जडशीळ प्राणी. बेडकाचा भाऊबंद, पण पाण्याशी बेताचंच नातं ठेवणारा. अंडी घालायला डबकं मिळालं की त्याचं काम भागतं. एरवी तो बांधावर, दगडाखाली, घराच्या जोत्याशी सुखाने राहतो. जाड कातडी, कानामागे विषाच्या फुगीर ग्रंथी आणि कोरड्यात तग धरायची ताकद, एवढ्या भांडवलावर भेकांचं कूळ ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका वगळता सगळ्या खंडांवर पसरलं.

याच कुळातली काही मंडळी आग्नेय आशियातल्या वर्षावनांत जिथे वाढतात ती जागा मात्र भलतीच आहे. बोर्निओच्या डोंगरातून ओढे उड्या घेत खाली येतात. वर झाडांचं छप्पर, खाली बुळबुळीत शिळा आणि त्यांच्यावरून फेसाळत जाणारं गार पाणी. माणसाने आधाराशिवाय पाय टाकला तर घसरून आपटणारच. त्या पाण्यात, भर धारेत, दगडाला चिकटून भेकाची इवली पोरं शेवाळ खात असतात.

या भेकांच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव अन्सोनिया. दक्षिण म्यानमार आणि थायलंडपासून मलेशिया, बोर्निओ आणि पुढे फिलिपीन्समधल्या मिंदानाओ बेटापर्यंत तिच्या तीसहून अधिक जाती आहेत. हे नाव फर्डिनांड स्टोलिच्का या शास्त्रज्ञाने १८७० मध्ये दिलं, मलायातल्या पेनांग बेटावर मिळालेल्या भेकावरून. स्टोलिच्का मूळचा मोराव्हियाचा. कलकत्त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला, कामाने जीवाश्मांचा अभ्यासक. पण दगड फोडता फोडता पक्षी, गोगलगाई, साप, बेडूक असं जे दिसेल त्याचा तो माग काढायचा. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना १८७४ मध्ये लडाखमध्ये तो वारला. त्याची समाधी लेहला आहे. अशा माणसांच्या हातून किती वेगवेगळ्या प्राण्यांना नावं मिळाली हे पाहिलं की मला त्यांचा हेवा वाटतो.

मोठा अन्सोनिया पाहिला तर हा भेक आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. अंग सडपातळ, हातपाय काटकुळे, बोटं लांब. कानामागच्या त्या फुगीर ग्रंथी नाहीतच. दिवस मावळला की तो ओढ्याकाठच्या शिळेवर किंवा पाण्यावर झुकलेल्या पानावर येऊन बसतो. जाडजूड, कोरड्याला सरावलेल्या पूर्वजांच्या वंशात असा हलका, ओल्याचा सोबती निपजावा, हे नवल आहेच. पण खरं नवल त्याच्या पोरांच्या अंगी आहे.

नेहमीचा टॅडपोल गोलमटोल असतो, संथ पाण्यात शेपूट वळवळत फिरतो. धारेत सोडला तर क्षणात वाहून जाईल. अन्सोनियाचा टॅडपोल चपटा असतो आणि त्याचं तोंड पुढे नसून अंगाखाली असतं. वरचा आणि खालचा ओठ पसरून त्यांची एक रुंद चकती झालेली असते. ती दगडावर टेकली की कडा घट्ट बसतात आणि पोर चिकटून राहतं. चकतीच्या मधोमध काळी, शिंगासारख्या पदार्थाची चोच आणि तिच्या वर-खाली बारीक दातांच्या रांगा. म्हणजे ज्या अवयवाने धरायचं, त्यानेच खायचं. पकड ठेवून शेवाळ खरवडायचं आणि तसंच दगडावरून पुढे सरकायचं. मागे शेपटी दणकट, तिची झालर मात्र कमी उंचीची. झालर उंच असती तर पाण्याने तिलाच धरून ओढून नेलं असतं.

इथे पाण्याचा एक स्वभाव या पोरांच्या कामी येतो. वाहतं पाणी दगडाला जिथे प्रत्यक्ष स्पर्श करतं तिथे त्याचा वेग जवळजवळ शून्य असतो. दगडापासून जसं वर जावं तसा तो वाढत जातो. त्यामुळे गर्जणाऱ्या धारेच्या तळाशी, दगडाला लगटून, मंद पाण्याचा एक पातळ थर असतो. चपटं अंग घेऊन जो त्या थरात मावेल त्याला धारेचा मार बराच कमी बसतो. आणि मोबदला भरघोस मिळतो. पाणी उसळतं म्हणून त्यात प्राणवायू भरपूर, टॅडपोल मटकावणाऱ्या बऱ्याच माशांना तिथे ठरता येत नाही, आणि दगडावरच्या सूक्ष्म शेवाळाच्या सायीवर फारसे वाटेकरी नाहीत.

त्याच ओढ्यांत आणखी एका कुळातल्या बेडकांनी हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. मेरिस्टोजेनिस नावाच्या बेडकांच्या टॅडपोलांना तोंडाच्या मागे, थेट पोटावर, चिकटण्यासाठी एक वेगळी मोठी चकती असते. हिमालयातल्या अमोलॉप्स बेडकांच्या पोरांनाही तशीच. एकाने तोंडच मोठं केलं, दुसऱ्याने पोट कामाला लावलं.

शिकागोच्या फील्ड म्युझियमचे रॉबर्ट इंगर यांनी बोर्निओच्या या बेडकांपायी आयुष्यातली कित्येक दशकं घातली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये वर्षावनातल्या ओढ्यांच्या टॅडपोलांवर एक शोधनिबंध लिहिला. वरून एकसंध दिसणारा ओढा खाली किती वाटला गेलेला असतो हे त्यातून कळतं. खळाळात एक जात, कडेच्या संथ पाण्यात दुसरी, खडकातल्या रांजणखळग्यात तिसरी, तळाशी साठलेल्या पालापाचोळ्यात चौथी. काही हातांच्या अंतरावर शेजारी बदलतात.

मोठ्यांपुढे प्रश्न आवाजाचा. पाण्याचा अखंड गलका चालू असताना मादीला हाक ऐकू जायची कशी? पाण्याचा आवाज बहुतांशी खालच्या पट्टीतला असतो, म्हणून अन्सोनियाचे नर बारीक, चढ्या पट्टीत किरकिरतात. बोर्निओच्याच ओढ्यांत हुइया कॅव्हिटिम्पॅनम नावाचा एक बेडूक तर याहून पुढे गेला आहे. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. या बेडकाच्या काही हाका पूर्णपणे त्यापलीकडच्या असतात आणि त्याला ३८ किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. तो समोर बसून ओरडत असला तरी आपल्याला फक्त पाणीच ऐकू येणार.

अन्सोनियांतला सगळ्यांत देखणा म्हणजे अन्सोनिया लॅटिडिस्का. हिरव्या, जांभळ्या, लाल ठिपक्यांनी भरलेली खडबडीत पाठ आणि कोळ्यासारखे लांब हातपाय. १९२४ नंतर तो कोणाला दिसलाच नव्हता. जगाच्या हाती होते ते तीन नमुने आणि मेलेल्या प्राण्यावरून काढलेली चित्रं. २०१० मध्ये कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनलने हरवलेल्या उभयचरांचा जागतिक शोध सुरू केला, तेव्हा पहिल्या दहांत याचं नाव होतं. सारावाक विद्यापीठातले इंद्रनील दास आणि त्यांचे विद्यार्थी पेनरिसेनच्या डोंगरात रात्रीमागून रात्री विजेऱ्या घेऊन फिरले. कित्येक महिने हाती काही लागलं नाही. मग त्यांनी आणखी उंचावर शोधायला सुरुवात केली, आणि एका रात्री एका विद्यार्थ्याला जमिनीपासून दोनेक मीटरवर, झाडावर, तो बसलेला दिसला. ८७ वर्षांनी! एकूण तीन भेक मिळाले, तीन वेगळ्या झाडांवर: एक मादी, एक नर, एक पिल्लू. सगळ्यांत मोठी मादी, ती ५१ मिलिमीटरची. त्याचा पहिला जिवंत फोटो २०११ मध्ये जगाने पाहिला. दास यांनी नेमकी जागा मात्र सांगितली नाही, कारण रंगीत उभयचर पाळण्यासाठी पकडून विकणारे टपलेलेच असतात. मला त्यांचा हा निर्णय मनापासून पटतो.

चोरांपेक्षाही मोठं संकट गाळाचं आहे. वर डोंगरावर झाडं तोडली, रस्त्यासाठी उतार कापला, की पहिल्या पावसात माती ओढ्यात येते. पाणी वाहतच राहतं, ओढा दिसायला ओढाच असतो. पण दगडावर गाळाचा थर बसला की खालची शेवाळाची साय मरते आणि ओठांच्या चकतीला धरायला स्वच्छ दगड उरत नाही. भेक उरतील की नाही, ते त्या दगडाच्या वरच्या पापुद्र्यावर ठरतं. हा पापुद्रा जंगलाच्या कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

भारतातही अन्सोनिया आहे असं फार काळ मानलं जाई. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातले ओढ्याकाठचे दोन सडपातळ भेक याच नावाने ओळखले जात. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकं तपासली, तेव्हा हे नातं टिकलं नाही. या भेकांना घाटोफ्रायने हे नवं प्रजातिनाम मिळालं. त्याच शोधनिबंधात आपल्या सह्याद्रीतल्या भेकांसाठी झँथोफ्रायने ही प्रजाती मांडली गेली. तिच्यात दोन जाती: १९६३ पासून ठाऊक असलेला कोयनेचा भेक, आणि त्याच वेळी नव्याने नोंदलेला, अंगावरच्या पट्ट्यांमुळे टायगेरिना म्हटला गेलेला आंबोलीचा भेक. आंबोलीचा भेक आज अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो. त्याच्या पोरांना धार ठाऊकच नाही. पावसाच्या सुरुवातीला जांभ्याच्या सड्यावर उथळ खळग्यांत पाणी साचतं, तिथे माद्या अंडी घालतात. पावसाने चार दिवस उघडीप दिली की खळगा आटतो, म्हणून या टॅडपोलांची शर्यत असते ती पाण्याच्या वेगाशी नव्हे, उन्हाशी.