घोड्यावरची पहिली रपेट

रायगड जिल्ह्यातील माथेरान हे थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले आहे. पाहुण्यांच्या मोटारगाड्यांना दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागते. तेथून पुढे तांबड्या मातीच्या वाटा गर्द झाडीतून वळणे घेत जातात आणि त्या वाटांवर घोड्यांच्या टापा वाजत असतात. कित्येक मुले आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसतात ती येथेच. मुलांनो, तुमच्यावरही असा प्रसंग आला, तर तुम्ही काय कराल? टाच मारून घोडा भरधाव सोडावा, असे तुम्हांला वाटेल. परंतु त्याआधी घोड्याचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

घोडा एवढा बलवान प्राणी. तरीपण तो मोठा भित्रा आहे. रानात राहणाऱ्या त्याच्या पूर्वजांना हिंस्र पशूंचे भय असे. शिंगे नाहीत, नख्या नाहीत. तेव्हा पळून जाणे हाच त्यांच्या बचावाचा मुख्य उपाय होता. ती सवय माणसाळलेल्या घोड्यातही टिकून आहे. वाऱ्याने फडफडणारा कागद किंवा झाडावरून अचानक उडी घेणारे माकड पाहून तो बुजतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे पुष्कळसे दिसते. मात्र ठीक पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून त्याच्याजवळ कधीही जाऊ नये. त्याला दिसेल अशा बेताने खांद्याच्या बाजूने जावे, हळू आवाजात बोलावे आणि मानेवर हात फिरवावा. त्याच्या कानांकडेही लक्ष असू द्यावे. कान मागे घट्ट दाबले असतील, तर तो रागावला आहे असे समजावे.

रपेटीला निघताना डोक्यावर शिरस्त्राण घालावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट बांधावा. पायांत टाच असलेले बूट असावेत. टाचेमुळे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. पाऊल रिकिबीत अडकले आणि स्वार खाली पडला, तर घोडा त्याला फरफटत नेतो. या अपघातासारखा भयंकर अपघात नाही. खोगिराचा तंग घट्ट आहे ना, हे मोतद्दाराकडून पाहून घ्यावे. काही घोडे तंग आवळताना पोट फुगवतात. म्हणून थोडे चालून झाल्यावर तो पुन्हा तपासावा.

घोड्यावर डाव्या बाजूने चढण्याची रीत आहे. पूर्वी स्वारांच्या डाव्या कमरेला तलवार असे. ती आड येऊ नये म्हणून ही रीत पडली, असे सांगतात. खोगिरावर बसल्यावर पाठ सरळ ठेवावी. पावलाचा पुढचा भाग तेवढा रिकिबीत ठेवून टाच किंचित खाली झुकवावी. लगाम हाताला गुंडाळू नये. तो सारखा ओढूही नये. कारण त्याची लोखंडी कडी घोड्याच्या नाजूक तोंडात असते. थांबवायचे असेल, तेव्हा लगाम हलकेच मागे घ्यावा आणि घोडा थांबताच सैल सोडावा. त्याने ऐकले, हे त्याला त्यावरून कळते.

चढणीवर अंग थोडे पुढे झुकवावे. उतारावर ताठ बसून किंचित मागे रेलावे. पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याएवढे अंतर राखावे, नाहीतर तो लाथ झाडण्याचा संभव असतो. कड्याच्या बाजूला घोड्यांची शर्यत मुळीच लावू नये. पहिले काही दिवस मोतद्दार सोबत असावा आणि घोडा पावलापावलानेच चालवावा. मांड पक्की बसल्यावर दुडकी चाल शिकता येते.

आणि घोडा बुजलाच तर? अशा वेळी आपली खरी परीक्षा होते. नवखा स्वार किंचाळतो आणि दोन्ही पाय घोड्याच्या पोटाशी आवळतो. पायांचा दाब ही तर पुढे पळण्याची खूण! बिचारा घोडा अधिकच घाबरून धावू लागतो. म्हणून त्या क्षणी ओरडू नये. खोगिरात घट्ट बसावे, पाय सैल ठेवावेत, लगाम हळूहळू आखडावा आणि शांत आवाजात त्याला धीर द्यावा. आपले भय आपण आवरले, तर त्याचेही भय ओसरते.

रपेट संपली की उतरून चालते होऊ नये. घोडा दमला असेल, त्याला सावलीत उभे करावे. खोगीर काढल्यावर पाठ सोलवटली नाही ना, हे मोतद्दाराला विचारावे. पाठीला जखम असलेल्या घोड्यावर बसणे हे निर्दयपणाचे आहे. ज्याने आपल्याला डोंगरवाटेवरून सुखरूप आणले, त्याला पाणी मिळाले की नाही हे पाहणे आपले कर्तव्य नव्हे काय? असा स्वार दुसऱ्या दिवशी आला, म्हणजे घोडाही त्याच्याजवळ निर्धास्त उभा राहतो.